गोलकीपरच्या हातातला चेंडू आणि एक स्विस विंगर

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी एकदा असा प्रसंग पाहिला, की अर्ध्याअधिक गॅलरीला काय घडलं तेच कळलं नाही. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, मैदान जड झालं होतं. एका बॅकनं, म्हणजे बचावपटूनं, अंगावर आलेल्या फॉरवर्डला चुकवून चेंडू पायानं मागे, आपल्या गोलकीपरकडे ढकलला. चेंडू चिखलात अडखळत निघाला. फॉरवर्ड त्याच्या मागे सुसाट. गोलकीपरनं क्षणभर पायाकडे पाहिलं, मग खाली वाकून दोन्ही हातांनी चेंडू उचलून पोटाशी धरला. लगेच शिट्टी झाली. रेफरीनं गोलपासून सात-आठ पावलांवर चेंडू ठेवला, एक हात सरळ वर उचलून धरला, आणि बचाव करणारे अकराच्या अकरा जण गोललाइनवर खांद्याला खांदा लावून भिंतीसारखे उभे राहिले.

माझ्या मागच्या पायरीवरचे एक वयस्कर गृहस्थ ताडकन उठले. "अरं गोलकीपर हाय त्यो! त्यानं न्हाई धरायचा हातानं, तर मग कुणी धरायचा?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत जगातला प्रत्येक रेफरी त्यांच्याच बाजूनं उभा राहिला असता. गोलकीपरला आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकोनात, कुणीही, कसाही दिलेला चेंडू हातात घेता येत असे. ती मुभा काढून घेणारा नियम आज 'बॅकपासचा नियम' म्हणून ओळखला जातो. त्याच्यामागे बरेच लोक होते, पण आकडे मांडून फिफाचं दार ठोठावणारा माणूस म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते एक स्विस विंगर होते आणि पुढे प्रशिक्षक झाले: दानिएल झाँद्युपो. आपल्याकडे हे नाव जवळपास कुणालाच माहीत नाही. मला ते माहीत व्हावंसं वाटतं, कारण आज आपण टीव्हीवर जे फुटबॉल पाहतो, त्यातला निम्मा वेग या एका बदलातून आला आहे असं माझं मत आहे.

आधी तो जुना खेळ कसा होता ते नीट पाहू. तुमचा संघ १-० नं पुढे आहे आणि वीस मिनिटं उरली आहेत. चेंडू तुमच्या गोलकीपरच्या हातात आहे. त्या काळच्या नियमानं हातात चेंडू धरून त्याला चारच पावलं टाकता येत. तो तीन टाकतो आणि उजवीकडच्या बॅककडे चेंडू हळूच घरंगळत सोडतो. समोरचा फॉरवर्ड त्या बॅकच्या दिशेनं धावतो. बॅक थांबतो, त्याला जवळ येऊ देतो आणि दोन हातांवर आला की चेंडू पायानं परत गोलकीपरकडे देतो. गोलकीपर उचलतो. फॉरवर्ड आता त्याच्याकडे वळतो, पण चेंडू गोलकीपरच्या हातात असताना त्याला कुणी आव्हान देऊ शकत नाही. म्हणून तो दमून माघारी फिरतो. पुन्हा तीन पावलं, या वेळी डावीकडचा बॅक. अशा एका फेऱ्यात वीस-पंचवीस सेकंद सहज निघून जात आणि असे फेरे कितीही घालता येत. वेळकाढूपणावर कारवाई करायचा अधिकार रेफरीला होता, पण प्रत्येक पास नियमात बसणारा असल्यावर त्यानं बोट ठेवायचं कशावर?

हे फक्त दुबळे संघ करत होते असंही नाही. १९८७ साली युरोपियन कपमध्ये डायनामो कीव्हविरुद्ध स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबचे खेळाडू-व्यवस्थापक ग्रेम सूनेस यांनी थेट मैदानाच्या मध्याजवळून लांबलचक पास मागे मारला, तो आपल्याच गोलकीपर ख्रिस वुड्सकडे. ग्लासगोच्या प्रेक्षकांनी तेव्हा त्याला दाद दिली. चलाखी म्हणजे चलाखीच. पण चेंडू पुढे जाण्यासाठी असतो, या साध्या गोष्टीचा खेळालाच विसर पडत चालला होता.

आता झाँद्युपो यांच्याकडे येऊ. जन्म १९४९ चा, स्वित्झर्लंडच्या पश्चिमेला जुरा डोंगररांगांतल्या सांतिमिए गावातला. हा सगळा भाग फ्रेंच बोलणारा आणि घड्याळं बनवणारा. लाँजिन ही घड्याळांची कंपनी १८३२ पासून याच सांतिमिएची. जवळचं मोठं शहर म्हणजे ला शो-द-फाँ, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर. घड्याळजींना टेबलावर भरपूर उजेड मिळावा या हिशोबानं तिथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आणि समांतर बांधलेले आहेत. या नगररचनेसाठी २००९ साली युनेस्कोनं त्या शहराला शेजारच्या ल लोक्लसह जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे एवढं गाव, पण फुटबॉलमध्ये वजनदार: तिथल्या क्लबनं १९५४, १९५५ आणि १९६४ अशी तीनदा स्विस लीग जिंकली होती. झाँद्युपो तिथून वर आले आणि झुरिकला गेले.

एफसी झुरिकचा तो सोन्यासारखा काळ होता. १९७२ आणि १९७३ चा स्विस कप, मग १९७४ आणि १९७५ ची लीग. मिडफिल्डमध्ये कोबी कून, ज्यांना स्वित्झर्लंड आजही प्रेमानं आठवतो, आणि प्रशिक्षक टिमो कोनिएत्स्का, ज्यांच्या नावावर १९६३ साली बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगच्या, इतिहासातला पहिलावहिला गोल आहे. झाँद्युपो या संघात कडेनं खेळत. १९७५ मध्ये ते फ्रान्सला, बोर्दोकडून खेळायला गेले. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी तिसाहून अधिक सामने खेळले. त्या काळच्या स्विस खेळाडूच्या नशिबी वर्ल्ड कप नव्हता: १९६६ नंतर थेट १९९४ पर्यंत स्वित्झर्लंड एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही.

विंगर म्हणजे काय, हे इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचा धागा तिथेच आहे. मैदानाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला, टचलाइनला चिकटून खेळणारा हा फॉरवर्ड. आपल्याकडचे जुने खेळाडू त्याला 'लेफ्ट आउट', 'राइट आउट' म्हणत. त्याच्यासमोर कायम एकच माणूस असतो, प्रतिस्पर्धी संघाचा त्या बाजूचा बॅक. चेंडू आपल्याकडे असला की त्या बॅकला चकवायचं आणि चेंडू त्याच्याकडे असला की त्याच्या अंगावर धावून जायचं. कडेला असल्यामुळे बॅकला पळायला जागा कमी असते. एका बाजूला रेषा, समोर विंगर. खरं तर तो सापडायलाच हवा. पण जुन्या नियमात त्याला एक दार कायम उघडं असे: मागे, गोलकीपरच्या हातात. विंगर तीस मीटर जीव तोडून धावला, बॅकला कोपऱ्यात गाठलं, आणि सगळ्या मेहनतीचं फळ काय, तर गोलकीपरनं शांतपणे चेंडू उचलला. एका सामन्यात असं वीस वेळा. जुन्या नियमाचा सगळ्यात मोठा भार कुणावर पडत असेल तर तो कडेनं धावणाऱ्या माणसावर. झाँद्युपो यांच्या मनात नेमकं काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण ज्यानं अशी दहा-बारा वर्षं धावाधाव केली त्याला ही गोष्ट दिसली आणि खुपली, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

वयाच्या तिशीत, जेव्हा बरेच जण अजून मैदानात असतात, तेव्हा ते प्रशिक्षकाच्या बाकावर बसले होते. पहिला संघ सिओं. रोन नदीच्या खोऱ्यातला हा क्लब कपच्या सामन्यांसाठी प्रसिद्ध, आणि १९८० चा स्विस कप त्यांनी झाँद्युपो यांच्या हाताखाली जिंकला. लगेच झुरिकनं त्यांना परत बोलावलं, आणि ज्या क्लबकडून खेळाडू म्हणून लीग जिंकली होती, त्याच क्लबला त्यांनी १९८१ मध्ये प्रशिक्षक म्हणून लीग जिंकून दिली. त्या विजयाचं मोल पुढच्या इतिहासावरून कळतं. झुरिकला पुढचं विजेतेपद मिळायला पंचवीस वर्षं लागली. ते आलं २००६ मध्ये, शेवटच्या दिवशी बासलच्या घरच्या मैदानावर, इंज्युरी टाइममधल्या फिलिपेस्कूच्या गोलवर.

झुरिकनंतर फ्रान्समध्ये तुलूझ, आणि मग १९८६ ते १९८९ स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय संघ. तिथे यश आलं नाही. १९८८ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी इटली, स्वीडन, पोर्तुगाल समोर होते, १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया आणि पुन्हा पोर्तुगाल. छोट्या देशाला यातून वाट काढणं अवघडच होतं. १९८९ मध्ये ते फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या काँ या शहरातल्या क्लबकडे गेले. (चित्रपट महोत्सवाचं कान ते वेगळं, भूमध्य समुद्रावरचं. हे नॉर्मंडीतलं, दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ बेचिराख झालेलं.) हा क्लब जेमतेम वर्षापूर्वी पहिल्यांदाच फ्रान्सच्या वरच्या लीगमध्ये आला होता. त्याच क्लबला झाँद्युपो यांनी १९९१-९२ च्या हंगामात पाचव्या क्रमांकावर नेलं. त्यामुळे काँ पहिल्यांदाच युरोपात, यूएफा कपमध्ये खेळला. स्पेनच्या सारागोसाला त्यांनी घरी ३-२ नं हरवलं आणि परतीच्या सामन्यात ०-२ नं हरून ते बाहेर पडले. एका प्रांतिक शहराच्या आठवणीत राहणारी रात्र द्यायला तेवढं पुरेसं असतं.

पण आपली खरी गोष्ट आहे १९९० च्या उन्हाळ्यातली, इटलीतल्या वर्ल्ड कपची. आपल्याकडे ज्यांनी दूरदर्शनवर रात्री जागून तो पाहिला त्यांना मॅराडोनाचे अश्रू आठवतात, कॅमेरूनचा रॉजर मिला आठवतो. आकडे मात्र फार कोरडे आहेत. ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे सामन्याला सरासरी २.२१. वर्ल्ड कपच्या इतिहासातली ही सगळ्यात कमी सरासरी आहे. अंतिम सामना पश्चिम जर्मनीनं पंचाऐंशीव्या मिनिटाला मिळालेल्या पेनल्टीवर १-० नं जिंकला. आणि पालेर्मोतला आयर्लंड-इजिप्त हा ०-० चा सामना तर उदाहरण म्हणून कायमचा नोंदला गेला: आयर्लंडचा गोलकीपर पॅकी बॉनर याच्या हातात त्या सामन्यात एकूण मिळून सुमारे सहा मिनिटं चेंडू होता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. सहा मिनिटं. आणि ती हातातली, पायातली नव्हे.

झाँद्युपो यांनी या स्पर्धेकडे प्रेक्षकाच्या नव्हे, तर मोजणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. सामन्यांचं संगणकावर विश्लेषण करणं ही गोष्ट तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. कोणाकडे चेंडू किती वेळा आला, कुठून कुठे गेला, हे माणसानं बसून एक-एक करून भरावं लागे. त्या नोंदींतून दिसलं ते असं: आघाडी मिळाली की खेळ गोलकीपरभोवती गोळा होतो, आणि जिंकणारा संघ चेंडू खेळत नाही, लपवतो. सगळ्यांना जाणवत होतंच, पण जाणवणं वेगळं आणि कागदावर आकडे असणं वेगळं. त्यांनी हे सगळं पत्रात लिहून फिफाच्या तांत्रिक विभागातले त्यांचे देशबांधव वाल्टर गाग यांच्याकडे पाठवलं. मागणी साधी होती: सहकाऱ्यानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही.

हा नियम त्यांनी एकट्यानं घडवला असं म्हणणं बरोबर होणार नाही. खेळ मंदावतोय ही ओरड सगळीकडून होत होती, आणि फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस सेप ब्लाटर यांनी त्यासाठी 'टास्क फोर्स २०००' नावाची समिती नेमली. तीत मिशेल प्लाटिनीसारखे माजी खेळाडू होते. पण समितीसमोर ठेवायला नेमकं दुखणं आणि नेमकं औषध असावं लागतं, आणि ती दोन्ही झाँद्युपो यांच्या पत्रात मांडलेली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फुटबॉलचे नियम फिफा एकटी बदलू शकत नाही. तो अधिकार १८८६ पासून 'इफाब' या मंडळाकडे आहे. त्यात आठ मतं असतात: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या संघटनांना प्रत्येकी एक, आणि बाकी साऱ्या जगाच्या वतीनं फिफाला चार. बदल मंजूर व्हायला सहा मतं लागतात. म्हणजे फिफाला एकटीला काही करता येत नाही आणि ब्रिटिशांनाही एकट्यांना नाही. म्हणूनच फुटबॉलचे नियम इतके सावकाश बदलतात. बॅकपासची कल्पना आधी १९९१ मध्ये इटलीतच, सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत पोरांवर आजमावली गेली. ती चालली. १९९२ च्या बैठकीत इफाबनं नियम मंजूर केला आणि त्याच उन्हाळ्यात तो लागू झाला.

योगायोग असा, की जुन्या नियमाखालची शेवटची मोठी स्पर्धा त्याच्या आदल्याच महिन्यात झाली, आणि ती जिंकली जुन्याच पद्धतीनं. १९९२ च्या युरोत युगोस्लाव्हियाच्या जागी ऐन वेळी आलेल्या डेन्मार्कनं अंतिम सामन्यात जर्मनीला २-० नं हरवलं. सुट्टीवर गेलेली पोरं बोलावून आणून जिंकलेली ही स्पर्धा म्हणून जग तिला डोक्यावर घेतं, आणि घ्यावंच. पण त्या सामन्याची चित्रफीत आज पाहिलीत तर डॅनिश बॅक पुन:पुन्हा मागे वळून पीटर श्मायकेलच्या हातात चेंडू देताना दिसतात. श्मायकेल तो निवांत उचलतो, टप्पे देतो, सोडतो, पुन्हा घेतो. आजच्या डोळ्यांना ते दुसऱ्याच खेळासारखं वाटतं. महिन्याभरात बार्सिलोना ऑलिम्पिक सुरू झालं आणि ती नव्या नियमाखालची पहिली मोठी स्पर्धा ठरली. सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पेनच्या मिडफिल्डमध्ये एकवीस वर्षांचा एक मुलगा होता, पेप ग्वार्डिओला.

पहिले काही महिने गोंधळाचे गेले. ज्या गोलकीपरनं आयुष्यभर हाताचं काम केलं, त्याला अचानक पायानं खेळायला सांगितल्यावर काय होणार? घाबरून चेंडू कुठेही भिरकावणं, हवेत लाथ मारणं, फॉरवर्डच्या पायात चेंडू देणं, सगळं झालं. इंग्लंडचा गतविजेता लीड्स युनायटेड पुढच्याच हंगामात सतराव्या क्रमांकावर घसरला आणि बाहेरच्या मैदानावर त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. त्याची कारणं अनेक असतील, पण बॅकपासवर विसंबणाऱ्या बचावाची सवय मोडली हे त्यातलं एक म्हणून तेव्हापासून सांगतात. नियम बदलल्यानं खेळ बिघडेल, चेंडू नुसता उंच मारला जाईल, अशी भीती बऱ्याच जाणत्यांना होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पहिली दोन-तीन वर्षं तसं झालंही.

मग हळूहळू उलटं घडू लागलं. गोलकीपर पायानं खेळायला शिकले. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये पायानं खेळणारा एक गोलकीपर होता, कोलंबियाचा रेने हिगिता, आणि तो किती एकटा होता हे नेपल्समध्ये दिसलं. गोलपासून दूर पुढे येऊन त्यानं चेंडू फिरवायचा प्रयत्न केला, अडतीस वर्षांच्या रॉजर मिलानं तो त्याच्या पायातून काढून घेतला आणि मोकळ्या गोलमध्ये मारला. तेव्हा लोक हिगिताला वेडा म्हणाले. चोवीस वर्षांनी, २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा मानुएल नॉयर पुन:पुन्हा बॉक्सच्या बाहेर धावत येऊन पायानं, डोक्यानं चेंडू साफ करत होता, आणि त्याला सगळ्यांनी महान म्हटलं. दोघांच्या मध्ये एक नियम उभा आहे.

पुढचा परिणाम आणखी खोल गेला. बॅककडचं ते मागचं दार बंद झाल्यावर त्याच्यावर धावून जाण्याला अर्थ आला. आज ज्याला 'प्रेसिंग' म्हणतात, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच हिसकावून घ्यायचा, ते जुन्या नियमात बहुतेकदा वाया जाणारं काम होतं. आता बॅक मागे देतो तेव्हा गोलकीपरकडे दोनच पर्याय उरतात: उंच मारून चेंडू गमवायचा धोका घे, किंवा पायानं पुढे खेळ. ग्वार्डिओलासारख्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि गोलकीपरलाच अकरावा खेळाडू केलं. २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीला आल्यावर त्यांनी इंग्लंडच्या जो हार्टला बाजूला केलं ते मुख्यतः याच कारणानं, आणि पुढच्या वर्षी पायानं पन्नास मीटरवर नेमका पास देणारा एडरसन आणला. २०१९ मध्ये गोल किक बॉक्सच्या आतच घेता येईल अशी सवलत मिळाली आणि हा खेळ आणखी गोलजवळ सरकला. गोलांचा आकडाही बोलतो: १९९० मध्ये ११५ गोल, १९९४ मध्ये तितक्याच सामन्यांत १४१. अर्थात १९९४ मध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय एका नियमाला देता येणार नाही.

आता नियमाचे बारकावे, कारण मैदानावर भांडणं त्यावरूनच होतात. सहकाऱ्यानं मुद्दाम, पायानं, गोलकीपरकडे मारलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, एवढाच तो आहे. यातला 'पायानं' हा शब्द काटेकोर आहे: पाऊल किंवा घोटा. डोक्यानं, छातीनं, गुडघ्यानं दिलेला चेंडू खुशाल उचलावा. 'मुद्दाम' हाही तितकाच महत्त्वाचा: चेंडू बाहेर मारताना बॅकचा पाय चुकला आणि तो मागे उडाला, तर गोलकीपर मोकळा. लोक वाट काढणारच, म्हणून पुढे एक कलम आलं: पायानं चेंडू स्वतःच उडवून मग डोक्यानं मागे दिला, तर ती नियमाला बगल देण्याची युक्ती धरतात आणि युक्ती करणाऱ्याला पिवळं कार्ड मिळतं. १९९७ पासून थ्रो-इन थेट हातात घेण्यावरही बंदी आली. आणि २०१९ मध्ये एक माणुसकीची सूटही मिळाली: गोलकीपरनं चेंडू दूर मारायचा खरोखर प्रयत्न केला आणि लाथ चुकली, तर त्यानंतर तो हात लावू शकतो.

शिक्षा म्हणजे इनडायरेक्ट फ्री किक. त्यावर थेट गोल होत नाही, आधी आणखी एका खेळाडूचा स्पर्श व्हावा लागतो, आणि तो होईपर्यंत रेफरी आपला हात वर धरून ठेवतो. चूक गोलच्या अगदी तोंडाशी झाली, तर चेंडू गोल एरियाच्या (गोलसमोरच्या छोट्या चौकोनाच्या) पुढच्या रेषेवर, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरवर आणून ठेवतात. बचाव करणाऱ्यांनी एरवी ९.१५ मीटर लांब राहायचं असतं, पण इथे तेवढी जागाच नसते, म्हणून त्यांना दोन खांबांमध्ये, आपल्याच गोललाइनवर उभं राहायची परवानगी आहे. अकरा जणांची ती विचित्र भिंत त्यामुळे होते.

वेळकाढूपणा त्यानंतरही पूर्ण गेला नाही. गोलकीपर हातात आलेला चेंडू धरून बसू लागले, तेव्हा २००० मध्ये चार पावलांचा नियम जाऊन सहा सेकंदांचा आला. रेफरी तो क्वचितच लावत. म्हणून २०२५ मध्ये तो आठ सेकंदांचा झाला, पण शिक्षा बदलली: आता समोरच्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो.

झाँद्युपो यांचं पुढचं आयुष्यही फ्रेंच फुटबॉलमध्येच गेलं. स्ट्रासबुर्गला ते प्रशिक्षक होते आणि नंतर ले माँ क्लबच्या व्यवस्थापनात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कारकिर्दीचा तक्ता मांडलात तर दोन कप आणि दोन लीग खेळाडू म्हणून, एक कप आणि एक लीग प्रशिक्षक म्हणून, एवढंच दिसेल. त्या पत्रासाठी तक्त्यात रकाना नाही.

शाहू स्टेडियमवर त्या दिवशी गोल झाला नाही. एकानं चेंडूला हलका स्पर्श केला, दुसऱ्यानं सगळी ताकद लावून मारला, आणि तो भिंतीतल्या कुणाच्या तरी मांडीवर आदळून बाहेर गेला. गॅलरी शांत झाल्यावर मी मागे वळून त्या गृहस्थांना नियम सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"कधीपास्नं?"

"ब्याण्णवपासून."

ते थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी अठ्ठ्याऐंशीला सोडलं बघा खेळायचं. लेफ्ट आउट होतो. लई पळालोय ह्या बॅकांच्या मागं."